सोलापुरात पाचट, केळीचे खुंट यांपासून सेल्युलोज काढून धंदा होईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, माढा तालुक्यात घरचा ८ एकर ऊस आणि ३ एकर केळी आहे, हाताशी १० लाख आहेत. पाचट (उसाचा वाळका पाला), कडबा, बगॅस (रस काढलेलं चिपाड), केळीचे खुंट या फुकटच्या मालातून सेल्युलोज काढून नॅनोसेल्युलोज (त्याचे अतिसूक्ष्म तंतू) नाहीतर सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) करून विकता येईल का, आणि व्हिडिओत दाखवतात ती मशीन घेऊ का?

होईल. पण नॅनो नाही, आणि फुकट तर अजिबात नाही. कुठलाही माल तोवरच फुकट असतो जोवर तो तुम्ही मागत नाही.

माझं सांगतो म्हणजे कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल. ९ वर्षं एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लगदा तपासत होतो. नंतर सोलापूरला परत आलो आणि आता अक्कलकोट रोडला छोटी शेड भाड्याने घेऊन केळीच्या धाग्याचा हातकागद करतो. मी आणि तीन माणसं, एवढाच पसारा. मेव्हण्याची टेंभुर्णीजवळ केळी आहे, तिथून खुंट येतात.

आधी तुमच्या यादीतून कडबा काढून टाका. आपल्याकडे शाळू दाण्यासाठी पेरतात तेवढाच कडब्यासाठी पेरतात. उन्हाळ्यात शेकड्याचा भाव कुठे जातो ते माढ्याच्या माणसाला मी काय सांगणार! चारा छावणीतली जनावरं ज्याने पाहिलीत त्याने कडब्याला टाकाऊ म्हणू नये. सेल्युलोज पचवून दूध देणारं यंत्र गोठ्यात उभं आहे, त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका.

बगॅसही काढा. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने असताना तो मुबलक दिसतो खरा, पण तो कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जातो आणि त्यावर वीज तयार होऊन विकली जाते. गुऱ्हाळावरसुद्धा चिपाडं वाळवून चुलाणात घालतात, नाहीतर काहिली तापणार कशी? तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कागद कारखाना १९८४ पासून बगॅसचा कागद करतोय. त्यांनाही साखर कारखान्यांकडून बगॅस उचलायचा तर बदल्यात वाफेची, इंधनाची सोय करून द्यावी लागली. एवढ्या मोठ्या कारखान्याला फुकट मिळाला नाही तो तुम्हाला-मला कोण देईल?

प्लेटा-वाट्यांचा विचारही मनात असेल. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली आणि त्यानंतर बगॅसच्या प्लेटा करणारे बरेच उभे राहिले. पण लहान प्लेटवाले बहुतेक जण तयार लगद्याचे तक्ते मोठ्या गिरण्यांकडून विकत घेतात, पाण्यात मोडतात आणि साच्यात दाबतात. शेतकऱ्याचं चिपाड त्यांच्या दारात चालत नाही. शिवाय रस्सा झिरपू नये म्हणून त्यात जी रसायनं घालतात त्यांतली फ्लोरिनची काही संयुगं निसर्गात जिरत नाहीत. पळसाच्या पत्रावळीला हा त्रास नव्हता, पण ते जाऊ द्या.

मग उरलं काय? पाचट आणि केळीचे खुंट. म्हणजे जे आज बांधावर पडतं किंवा पेटवलं जातं ते.

आता केमिस्ट्री. तुम्ही शिकलाय, तरी मला ती ज्या रूपात समजली त्या रूपात सांगतो. सेल्युलोज वेगळं काढून त्याला नाव दिलं आन्सेल्म पायें या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने, १८३८-३९ च्या सुमारास. पण ते झाडात कसं बसलेलं असतं हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा आजोळच्या कुडाने जास्त चांगलं शिकवलं. कूड आठवा: उभ्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, त्या एकमेकींना आवळणारी सुतळी आणि वरून शेणामातीचा लेप. तुराट्या म्हणजे सेल्युलोज, सुतळी म्हणजे हेमिसेल्युलोज, लेप म्हणजे लिग्निन. लगदा करणं म्हणजे तुराट्या न मोडता कूड उतरवणं. लेप भिजवून काढायला अल्कली लागते. घाई केली, जास्त तापवलं, जास्त कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घातलं, तर लेपाबरोबर तुराट्याही मोडतात आणि हातात भुस्कट येतं. कमी केलं तर लेप तसाच राहतो. नऊ वर्षं मी जो कप्पा नंबर काढत होतो तो म्हणजे लगद्यात लेप किती उरलाय याचंच मोजमाप.

कुठल्या मालात तुराट्या, म्हणजे सेल्युलोज, किती, हे ढोबळमानाने असं: कापसात ९० टक्क्यांच्या वर, केळीच्या धाग्यात ६० च्या आसपास, बगॅसमध्ये ४० ते ४५. पाचट बगॅसपेक्षा जरा उणंच, वर त्यात सिलिका आणि शेतातली माती. म्हणजे १०० किलो वाळकं पाचट शिजवलं तर ४० किलो लगदा मिळाला तरी हात जोडावेत. आणि पाचट ट्रॉलीत भरून पाहा एकदा. उसाचे जेवढे टन बसतात त्याच्या दशांशाच्या आसपास बसेल. तुम्ही डिझेल जाळून हवा वाहून आणता. बेलरने गठ्ठे बांधले तर परवडतं, पण मग बेलरचं भाडं आलं.

पाचटाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते इथेच सांगून टाकतो. निम्मं पाचट तरी शेतातच राहू द्या. खोडव्यात सरीआड सरी पसरून ठेवलं तर ओल टिकते, आणि आपल्या भागात उजनी धरणाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं की ती ओलच ऊस जगवते. पेटवू तर नकाच. पण सगळं उचलून त्याचा कागद करणं हेही शहाणपणाचं नाही.

केळीचं गणित निराळं. घड उतरवला की खुंट कुणालाच नको असतो. बांधावर टाकला तर सोंडकिडा पोसतो, शेतात ठेवला तर पुढच्या लागणीला अडचण. मेव्हणा म्हणतो, "दाजी, तुम्ही न्याल तेवढे न्या, वर चहा पाजतो." हा माल खरोखर टाकाऊ आहे, आणि तुमच्याकडे ३ एकर आहे. फक्त त्यात ९० टक्के पाणी असतं. २५-३० किलोचा खुंट रास्पाडोरवर, म्हणजे सोप (खुंटाची सालं) खरवडून धागा मोकळा करणाऱ्या यंत्रावर, घातला की वाळका धागा निघतो पावशेर ते ३०० ग्रॅम. म्हणून खुंट सोलापूरला आणायचा नाही, यंत्र शेतावर न्यायचं. हे मला सहा महिने ट्रॉलीभाडं भरल्यावर सुचलं! उरलेला चोथा आणि रस शेतातच राहतो, त्यात पोटॅश भरपूर असतं. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खुंटावर बरंच काम केलंय, तिथे एकदा जाऊन या.

धागा म्हणून विकायचा तर दोरखंड, चटया, पिशव्या करणारे घेतात. फुलवाले सोपाच्या दोऱ्यात हार ओवत आलेतच की. मी कागदाकडे वळलो, कारण मला तेवढंच येत होतं.

कृती सांगतो. धागा इंच-दीड इंचाचा कापायचा, वाळक्या वजनाच्या ८ ते १० टक्के अल्कली पाण्यात विरघळवून त्यात तीन-चार तास उकळायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा, बीटरमध्ये कुटायचा, मग हौदात पातळ करून जाळीच्या साच्यावर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. एका वाक्यात संपलं, पण कुटण्यात खरी कला आहे. कमी कुटला तर कागद खरबरीत आणि सुटा-सुटा, जास्त कुटला तर जाळीतून पाणी उतरता उतरत नाही आणि वाळताना कागद पापडासारखा आक्रसतो. हे बोटांना कळायला मला एक उन्हाळा लागला.

पहिल्याच महिन्यात दोन मूर्खपणे केले, ते तुम्ही करू नका. घरातलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि त्यात कॉस्टिकचं पाणी चुलीवर ठेवलं. केमिस्ट्री शिकलेला माणूस! ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पातेलं फसफसायला लागलं, खाली जाळ. आईने ओरडून पाण्याची बादली चुलीवर ओतली म्हणून निभावलं. पातेल्याची चाळण झाली, आणि ते लग्नात आलेलं होतं, त्यामुळे विषय अजून संपलेला नाही. स्टेनलेस स्टील वापरा, साधं लोखंडही चालेल. डोळ्यांवर चष्मा, हातात लांब रबरी मोजे. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही.

दुसरा मूर्खपणा जास्त महागात गेला. लगदा धुतल्यावर जे काळं पाणी निघतं ते मी शेडमागच्या पडीक तुकड्यात सोडत होतो. झाडाचाच अर्क आहे, मातीत जिरेल, असा विचार. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे पाणी मुरायचं बंद झालं, वर पांढरट पापुद्रा, वाळल्यावर माती दगडासारखी. मालक येऊन म्हणाला, "साहेब, जमीन चोपण केलीत की तुम्ही." बरोबर होतं त्याचं. कॉस्टिकमधला सोडियम मातीत बसला होता. ज्या जिल्ह्यात जास्त पाणी देऊन आधीच रानं चोपण होतायत तिथे मी शेडमागे मुद्दाम एक कारखाना उघडला होता! जिप्सम टाकून, पाणी देऊन तो तुकडा ताळ्यावर आणायला दोन पावसाळे गेले.

या धंद्याची खरी गोम ही आहे. सेल्युलोज काढणं अवघड नाही. जे काढून टाकलं ते कुठे ठेवायचं हे अवघड आहे. मोठ्या गिरण्या काळं पाणी आटवून जाळतात, त्यातून वाफही मिळते आणि सोडाही परत मिळतो. ती यंत्रणा १० लाखांत येत नाही. गवतवर्गीय मालात सिलिका असते, ती काळ्या पाण्यात उतरून त्या यंत्रणेलाही त्रास देते, म्हणून पाचटाचा रासायनिक लगदा लहान प्रमाणावर करायच्या भानगडीत पडू नका असं मी म्हणतो.

मी काढलेला मार्ग असा: सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. महाग आहे, पण काळ्या पाण्यात मग सोडियमऐवजी पोटॅश जातं आणि ते कंपोस्टच्या ढिगावर थोडं थोडं शिंपडता येतं. थेट पिकाच्या मुळाशी नाही, त्याची अल्कता जबर असते. जाडसर कागदासाठी नुसत्या चुन्यात आठ-दहा दिवस भिजत घालूनही भागतं. आपल्याकडच्या जुन्या कागद्यांची रीत तीच होती. राखेच्या पाण्याचाही प्रयोग केला. केळीची राख पोटॅशने भरलेली असते, आसामात तर तिचं क्षारपाणी स्वयंपाकात घालतात. लगदा झाला, पण एवढी राख करायची तर अर्धा माल जाळावा लागतो. हौस म्हणून ठीक आहे.

पाण्याचीही एक गोष्ट. कागद पांढरा करायला क्लोरीन वापरू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. पण आपल्या बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पेरॉक्साइड लगद्याला लागायच्या आधीच फुसकन उडून जातं. मी दोन कॅन असे हवेत घालवले. पाणी तपासून घ्या, थोडं सोडियम सिलिकेट घाला. त्याहून उत्तम म्हणजे गिऱ्हाइकाला केळीचा मूळ बदामी रंगच आवडायला लावा. लग्नपत्रिकावाल्यांना तो आवडतो, मुलीकडच्यांना विशेष.

आता सीएमसी. तुम्ही हे नाव घेतलंत ते पाहून बरं वाटलं, कारण सोलापूरशी त्याचं खरं नातं आहे. ताण्याचा धागा मागावर घासून तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात हे इथे कुणालाही माहीत. घोंगडीला चिंचोक्याची खळ, सुताला स्टार्चची. सीएमसी हीही एक खळच आहे, सेल्युलोजपासून केलेली. सुती धोतर धुताना विरघळत नाही, कारण सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांच्यामध्ये कार्बॉक्सिमिथाइल गट अडकवले की पकड सुटते आणि तेच सेल्युलोज पाण्यात विरघळून चिकट होतं. विणून झाल्यावर स्टार्चची खळ काढायला एन्झाइम लागतं, सीएमसी नुसत्या पाण्याने निघते. चादरी-टॉवेलच्या गावात ती खपणार नाही तर कुठे खपणार?

पण ती करायला मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिड लागतं. ते कातडीवर पडलं तर भाजतं एवढंच नाही, कातडीतून आत जातं आणि माणूस दगावू शकतो. सोबत पेट घेणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे शेडमधलं काम नाही, घराच्या आवारातलं तर नाहीच. शिवाय तुमच्या समोर उभे राहतात ते लाकडाचा शुद्ध लगदा नाहीतर सरकीवरचा आखूड कापूस वापरणारे मोठे कारखाने, आणि तुम्ही येता पाचटाचा ४० टक्क्यांचा माल घेऊन. समजा सीएमसीच करायचं ठरवलंत, तर सेल्युलोज शेतात शोधू नका, एमआयडीसीत शोधा. टॉवेलच्या कारखान्यातली कातरण म्हणजे ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज, लिग्निन जवळजवळ नाहीच. कूड आधीच उतरवलेला. पॉलिस्टरची भेसळ तेवढी निवडून काढावी लागते. तीही फुकट नाही, चिंधीवाले घेऊन जातात, पण भाव आवाक्यातला आहे. माझ्या कागदात मी केळीच्या धाग्याबरोबर हीच कातरण घालतो, त्याने कागदाला जो मऊपणा येतो तो नुसत्या केळीने येत नाही.

नॅनोवर मी फार वेळ घालवणार नाही. मुंबईत माटुंग्याला 'सिरकॉट' ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, १९२४ पासूनची. तिथे २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आठ तासांच्या पाळीला १० किलो क्षमतेचा. केंद्रीय संस्थेचा प्रकल्प, आणि पाळीला १० किलो. आकडा नीट बघा. सर्वांत माहितीची रीत म्हणजे ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ४५ अंशांवर पाऊण तास, मग ते ॲसिड धुऊन काढायला पाणीच पाणी. तयार होतं ते जेलीसारखं. त्यात माल २-३ टक्के, बाकी पाणी. वाळवलं तर तंतू पुन्हा एकमेकांना असे चिकटतात की नॅनोपण जातं. म्हणजे माढ्याहून पुण्याला टँकर भरून पाणीच पाठवायचं. शिकायला जरूर जा, पैसे घालू नका.

रोपांच्या कुंड्या मात्र करून बघण्यासारख्या आहेत. डाळिंबामुळे आपल्याकडे रोपवाटिका भरपूर, आणि सगळीकडे काळ्या पॉलिथिनच्या पिशव्या. पाचट कुटी करून, चुन्यात भिजवून, अर्धवट शिजवून मी साच्यात कुंड्या दाबल्या. पांढरा रंग नको, शुद्धता नको, लिग्निन राहिलं तरी चालतं, उलट बरंच. डाळिंबाच्या गुटीला (फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपाला) त्या पुरल्या नाहीत, पाचव्या-सहाव्या आठवड्यात बूड सुटलं आणि रोपवाटिकेवाल्याने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण वांगी, मिरची, टोमॅटो महिन्याभरात शेतात जातात, तिथे त्या चालल्या. कुंडीसकट लावायचं, मुळं दुखावत नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर यावर वर्षभर डोकं घातलं असतं.

मशीनचं विचारलंत. आत्ता घेऊ नका. रास्पाडोर भाड्याने मिळतो का बघा, नाहीतर वापरलेला बघा. पहिले सहा महिने एक गॅसची शेगडी, स्टीलची दोन पिंपं, एक लहान बीटर आणि दोन साचे एवढ्यावर काढा. सगळं मिळून तुमच्या १० लाखांचा छोटा हिस्सा जाईल. अल्फा-सेल्युलोज तुम्ही स्वतः काढू शकता, १७.५ टक्के कॉस्टिकमध्ये जे विरघळत नाही ते. लिग्निन उरलंय का हे फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबाने कळतं, लाल झालं तर उरलंय. रासायनिक लगदा करणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती पहिल्या दिवसापासून लागेल, ती नंतर बघू म्हणू नका.

शेड पाहायची असेल तर निरोप टाका. मंगळवारी आणि शुक्रवारी खुंटाचा धागा येतो, त्या दिवशी या म्हणजे हात घालून बघता येईल. जुने कपडे घालून या, केळीच्या रसाचा डाग कशानेही निघत नाही.